न वाचता जपलेली वही

– द्वितीय वर्ष कला वर्गातील एक विद्यार्थिनी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, 'साहित्य माणसाला दिलासा देते'. अकरा स्पर्धकांपैकी चौघांनी अ‍ॅन फ्रँकचे नाव घेतले. युद्धाच्या काळात लपून राहिलेली ती तेरा वर्षांची मुलगी, तिची ती दैनंदिनी आणि माणसाच्या चांगुलपणावर तिचा असलेला विश्वास, असे सांगत सांगत एका स्पर्धकाने भाषणाचा शेवट इतका हृद्य केला की सभागृहात क्षणभर शांतता पसरली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिले पारितोषिक अर्थातच त्याला मिळाले. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होते. डोळेही पुसले होते, हे कबूल करते.

पुढे दिवाळीच्या सुटीत मी ग्रंथालयातून ते पुस्तक घरी नेले. एकदा वाचले, मग पुन्हा वाचले, आणि माझ्या मनात एक शंका उभी राहिली. ज्या दिलाशासाठी आपण टाळ्या वाजविल्या तो नेमका कोणाचा? त्या मुलीला तिच्या वहीने दिलेला, की आपण आपल्यासाठी त्या वहीतून काढून घेतलेला? हे दोन्ही दिलासे एकच आहेत असे आपण धरून चालतो. ते एक नाहीत, असे मला वाटते. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. जगभर वाचल्या गेलेल्या पुस्तकाविषयी मत मांडायचे म्हणजे जीभ अडखळते. तरीही जे वाटले ते लिहिते. चुकत असेन तर वाचकांनी माझी चूक दाखवून द्यावी.

प्रथम घडलेली हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. अ‍ॅनचा जन्म १२ जून १९२९ चा, जर्मनीतील फ्रँकफुर्टचा. हिटलरची सत्ता आल्यावर हे ज्यू कुटुंब हॉलंडमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला आले. वाटले, सुटलो. पण मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंडही घेतले आणि एकामागून एक हुकूम सुटू लागले. ज्यूंनी सायकली जमा कराव्यात, ट्रॅममध्ये बसू नये, दुपारी तीन ते पाच याच वेळात खरेदी करावी, रात्री आठनंतर घराबाहेर दिसू नये, मुलांनी ज्यूंच्याच शाळेत जावे. मे १९४२ पासून कपड्यांवर पिवळी चांदणी लावण्याची सक्ती झाली. आपण इतिहासात 'ज्यूंचा छळ' असे दोन शब्द पाठ करतो. त्या दोन शब्दांच्या पोटात सायकल, ट्रॅम आणि दुपारचे दोन तास होते, हे मला या पुस्तकाने शिकविले.

तेराव्या वाढदिवसाला अ‍ॅनला एक चौकड्यांची वही मिळाली. ती खरे पाहता स्वाक्षऱ्या गोळा करण्याची वही होती. तिने तिची दैनंदिनी केली. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता, तोच ५ जुलैला तिची मोठी बहीण मार्गोट हिला जर्मनीत कामासाठी हजर होण्याचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशी सारे कुटुंब अदृश्य झाले. वडिलांचा व्यवसाय मुरंबा घट्ट करण्याच्या पेक्टिनचा आणि मसाल्यांचा होता. प्रिन्सेनग्राख्त या कालव्याकाठी २६३ क्रमांकाच्या इमारतीत त्यांचे कार्यालय होते. त्या इमारतीच्या मागच्या भागात हे कुटुंब राहू लागले. पाठोपाठ व्हान पेल्स दांपत्य आणि त्यांचा मुलगा पीटर आला, नोव्हेंबरमध्ये फ्रिट्झ फेफर हे दंतवैद्य आले. एकूण आठ माणसे झाली. दाराच्या पुढे फायलींचे कपाट बसविले गेले. ते ढकलले की दार उघडे आणि ओढले की भिंत. पंचवीस महिने ही माणसे त्या कपाटामागे राहिली.

आणि कशी राहिली? खाली वखार होती. तिथल्या साऱ्याच कामगारांना वरच्या माणसांचा पत्ता नव्हता. त्यामुळे कामाच्या वेळात चपला-बूट घालायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, शौचालयात पाणी ओतायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, खोकला आला तर तो दाबायचा. खिडकीचा पडदा सारायचा नाही. एका जिवाच्या आवाजावर आठ जीव अवलंबून, आणि वर त्यांना अन्न पुरविणाऱ्यांचे जीवही. ज्या वयात आम्ही मुली गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारतो, त्या वयात तिला गप्प राहण्याची सक्ती होती. ही शांतता डोळ्यांपुढे आणल्याशिवाय त्या वहीचे मोल कळणार नाही.

आता आपल्या वक्त्यांच्या लाडक्या मुद्द्याकडे येते. माणसाच्या चांगुलपणाविषयी तिने लिहिलेले ते प्रसिद्ध वाक्य १५ जुलै १९४४ च्या नोंदीतले आहे. तीन आठवड्यांनी ती पकडली गेली. १९५५ साली न्यूयॉर्कला या दैनंदिनीवरचे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा ते वाक्य नाटकाच्या शेवटी ठेवले गेले. प्रेक्षक ते वाक्य उराशी धरून घरी गेले. तेव्हापासून आजतागायत आपण सारेच तसे करीत आलो आहोत. पण मूळ नोंद वाचावी. त्या वाक्याच्या शेजारीच येणाऱ्या विनाशाची चाहूल आहे, लाखोंच्या दुःखाची जाणीव आहे. आपण त्यातला गोड घास तेवढा काढून घेतला. आणि मुख्य म्हणजे, ते वाक्य जिने लिहिले तिला त्यानंतर काय पाहावे लागले, हे आपल्याला ठाऊक आहे. लिहिताना तिला ठाऊक नव्हते. छावणीत तिच्या हाती वही नव्हती. तिथे तिने त्या वाक्याचे काय केले असते, हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मग वहीने तिला काय दिले? माझ्या मते तिने आशेपेक्षा अधिक साधी आणि अधिक गरजेची गोष्ट दिली. जिथे सारे आवाज बंद होते, तिथे आवाज न करता बोलण्याची ती एकच जागा होती. पान उलटल्याचा आवाज खालच्या वखारीत जात नाही. कपाटामागे आठ जणांत राहताना माणूस क्षणभरही एकटा नसतो आणि तरी त्याचे ऐकायला कोणी नसते. मोठी माणसे तिला वाचाळ म्हणत, उद्धट म्हणत, मार्गोटसारखी शहाणी हो म्हणून सांगत. वही तिला 'अशी हो' म्हणत नव्हती. ती किटी नावाच्या एका काल्पनिक मैत्रिणीला पत्रे लिही. रोजच्या घेवड्याच्या शेंगा, कुजके बटाटे, व्हान पेल्स पतिपत्नींची भांडणे, रात्रीची विमाने, सारे तिला सांगे. यात तत्त्वज्ञान थोडे आणि संसार फार. मला तर वाटते की, याच संसारी मजकुरात खरा दिलासा होता. भीती सांगता येत नाही तेव्हा माणूस बटाट्यांविषयी सांगतो, आणि सांगता सांगता त्याचा श्वास जागेवर येतो.

त्या पुस्तकातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटला. अ‍ॅन आणि फेफर यांना एकच अरुंद खोली होती आणि तीत एक लहान टेबल. आठवड्यातून दोन दुपारी थोडा अधिक वेळ ते टेबल मला मिळावे, अशी तिने विनंती केली. त्यांनी नकार दिला. तिचे लिहिणे-वाचणे त्यांना पोरखेळ वाटत होते. शेवटी वडिलांनी मध्यस्थी केली तेव्हा तिला ते मिळाले. बाहेर जग जळत आहे आणि आत दोन माणसे टेबलासाठी भांडत आहेत, याचे कोणाला हसू येईल. मला आले नाही. ज्या घरात दोनच खोल्या आणि माणसे सात, त्या घरात वाढलेल्या मुलीला टेबल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. माझ्या आणि तिच्या स्थितीची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. माझ्या जिवाला कधी कसला धोका नव्हता. मी एवढेच म्हणते की, तो प्रसंग वाचताना मला शब्दकोश लागला नाही.

दिलाशाचा दुसरा भाग याहून कठीण आहे. वही नुसती ऐकून घेत नाही. ती लिहिलेले जपून ठेवते आणि पुढे एक दिवस आपल्यासमोर उभे करते. जानेवारी १९४४ मध्ये अ‍ॅनने आपली जुनी पाने चाळली आणि आईविषयी आपण किती कठोर लिहिले होते हे पाहून तिला लाज वाटली. ते तिने लिहूनही ठेवले. चौदा वर्षांची मुलगी, कोणी दटावलेले नाही, कोणी उपदेश केलेला नाही. आपल्याच अक्षरांनी तिला आरसा दाखविला. कपाटामागच्या त्या कोंडलेल्या जागेत काळ जणू थांबला होता, शाळा नव्हती, इयत्ता बदलत नव्हती. पण आपण वाढत आहोत, कालच्यापेक्षा आज वेगळ्या आहोत, याचा पुरावा तिला त्या पानांत मिळत होता. कैदेतल्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता?

पुढे २८ मार्च १९४४ ची रात्र आली. लंडनहून होणाऱ्या डच आकाशवाणीवर निर्वासित सरकारचे शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन बोलले. युद्ध संपल्यावर सामान्य माणसांची पत्रे आणि दैनंदिन्या गोळा केल्या जातील, तेव्हा लोकांनी त्या जपून ठेवाव्यात, असे त्यांनी आवाहन केले. कपाटामागच्या आठ जणांनी ते ऐकले आणि सर्वांच्या नजरा अ‍ॅनच्या वहीकडे वळल्या. २० मे पासून तिने आपले सारे लिखाण सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतले. काही गाळले, काही वाढविले, माणसांची नावे बदलली, पुस्तकाचे नावही योजले: 'मागचे घर'. अडीच महिन्यांत दोनशेहून अधिक कागद तिने लिहून काढले. आपण तिला भाबडी, हळवी मुलगी समजतो. प्रत्यक्षात ती खाडाखोड करणारी, स्वतःच्याच लिखाणावर कात्री चालविणारी लेखिका होती. बायाबापड्या म्हणतात, 'हाताला काम असले म्हणजे जिवाला बरे वाटते'. माझ्या मते तिच्या दिलाशाचे मर्म या एका म्हणण्यात आहे. वहीने तिच्या हाताला काम दिले.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या एका सरांनी चर्चेत घेतलाही. ते म्हणाले, "लपलेल्या माणसाने लिहून ठेवणे हा आत्मघात नव्हे काय? ती वही शत्रूच्या हाती पडती तर मदत करणाऱ्यांची नावे उघड झाली असती." आक्षेप खोटा नाही. एप्रिल १९४४ मध्ये इमारतीत चोर शिरले, पोलीस कपाटापर्यंत येऊन गेले, तेव्हा वही जाळून टाकावी अशी सूचना झालीच होती. वही गेली तर मीही गेले, असे अ‍ॅनला वाटले. मदतनीसांपैकी मीप गीस यांनीही पुढे सांगितले की, आपण ती वेळीच वाचली असती तर जाळून टाकली असती, इतकी माणसे तिच्यामुळे अडचणीत येऊ शकली असती. म्हणजे हा दिलासा फुकटचा नव्हता. त्याची जोखीम साऱ्या घराने आणि घराबाहेरच्यांनीही उचलली होती. आपल्या भाषणांत हे कधी येत नाही.

आणि इथेच मला माझा मुख्य मुद्दा सापडला. वहीचा दिलासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ती एकटी मुलगी आणि एक वही. पण वहीला जागा लागते, आणि ती जागा दुसरी माणसे देतात. अ‍ॅनचे कागद तिच्या वडिलांच्या चामडी बॅगेत असत. आपण त्यात डोकावणार नाही, असा शब्द त्यांनी तिला दिला होता आणि तो पाळला. मीप गीस यांनी आठवणींत लिहिले आहे की, एकदा त्या अवचित खोलीत गेल्या तेव्हा अ‍ॅन लिहीत होती. तिच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की, आपण नको तिथे पाऊल टाकले असे त्यांना वाटले. कागद संपला की बाहेरून कागद आणून देणारी माणसे होती. ज्यांना धान्याची कुपने मिळविताना जिवावर उदार व्हावे लागत होते, त्यांनी एका पोरीच्या कागदाचीही काळजी वाहिली. याला मी त्या दिलाशाचा पाया म्हणते.

४ ऑगस्ट १९४४ रोजी सकाळी पोलीस आले. पैसाअडका, दागिने भरून नेण्यासाठी अधिकाऱ्याला काहीतरी हवे होते, म्हणून त्याने ती चामडी बॅग जमिनीवर उपडी केली. कागद खोलीभर पसरले. आठही जणांना, आणि कुगलर व क्लाइमन या दोन मदतनीसांना पकडून नेले. नंतर मीप आणि बेप वर गेल्या आणि त्यांनी ते कागद वेचले. मीप यांनी ते टेबलाच्या खणात ठेवले. एक ओळही वाचली नाही. मुलीची गोष्ट आहे, ती परत येईल तेव्हा तिला द्यायची, एवढाच त्यांचा हिशेब. पुढे आठांपैकी एकटे वडील ऑटो फ्रँक परत आले. अ‍ॅन आणि मार्गोट बर्गेन-बेल्झेनच्या छावणीत १९४५ च्या सुरुवातीला टायफसने गेल्या. एप्रिलच्या मध्याला ती छावणी मुक्त झाली. मुली गेल्याची खात्री पटली तेव्हा मीप यांनी खण उघडला आणि ते कागद वडिलांच्या हाती दिले. २५ जून १९४७ रोजी पुस्तक निघाले. ते छापून निघाल्यावरही मीप यांनी ते लगेच वाचले नाही.

हॉलंडमध्ये त्या वेळी सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. त्यांतल्या किती जणांजवळ वह्या असतील! एक तर त्याच कपाटामागे होती. मार्गोटही दैनंदिनी लिहीत असे. अ‍ॅननेच तसे नोंदविले आहे. ती सापडली नाही. आता मला सांगा, मार्गोटला तिच्या वहीने दिलासा दिला नसेल का? दिलाच असणार, आणि तो अ‍ॅनच्या दिलाशापेक्षा तसूभरही कमी नसणार. पण 'लेखणीने ती अमर झाली' असे आपण भाषणात म्हणतो, तेव्हा मार्गोटला कुठे बसवायचे? अमरत्व हा आपला शब्द आहे. त्या मुलींना अमर व्हायचे नव्हते. त्यांना शाळेत जायचे होते.

याच काळातली आणखी एक वही मला आठवते. मोराव्हियातील त्रशित्से गावाजवळ ओटो वोल्फ नावाचा पंधरा वर्षांचा ज्यू मुलगा १९४२ च्या जूनपासून आईवडील आणि बहिणीसह लपून राहिला. आधी रानात, नंतर गावकऱ्यांच्या घरांत. तो जवळजवळ तीन वर्षे दैनंदिनी लिहीत होता. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडेच उरले असताना, तो पकडला गेला आणि मारला गेला. पण वही थांबली नाही. त्याची बहीण फेलिसितास हिने भावाच्याच वहीत पुढे लिहिले आणि युद्ध संपेपर्यंत ती वही चालविली. भाऊ गेल्यावर त्याच्या अक्षराखाली स्वतःचे अक्षर काढताना तिला काय वाटले असेल, याची कल्पना करण्याचे मला धाडस होत नाही. एवढेच कळते की, दैनंदिनी ही फक्त लिहिणाऱ्याची नसते. ती पुढे नेणारा, जपणारा, किंवा नुसता न डोकावता बाजूला उभा राहणारा कोणीतरी लागतो.

आता थोडे वादाचे बोलते. अ‍ॅनने पहिल्या वहीतल्या दोन पानांवर तपकिरी कागद चिकटवून ती झाकून टाकली होती. २८ सप्टेंबर १९४२ रोजी लिहिलेली ती पाने. पंचाहत्तर वर्षे ती झाकलेलीच राहिली. २०१८ साली तज्ज्ञांनी कागद न उचलता, छायाचित्रे आणि संगणक यांच्या साहाय्याने त्याखालचा मजकूर वाचला आणि जाहीर केला. त्यात निघाले काय, तर वयात येणाऱ्या मुलीचे काही चावट विनोद आणि शरीरसंबंधांविषयीची तिची समजूत. अभ्यासक म्हणतात, यामुळे ती अधिक माणसासारखी कळते. असेलही. संशोधनाचे मोल मी कमी लेखत नाही. पण मला ते बरे वाटले नाही. जी मुलगी जगापासून लपली होती, तिने त्या लपण्यातही आपल्यासाठी दोन पाने लपविली होती. सारे पुस्तक तिने लोकांनी वाचावे म्हणून पुन्हा लिहिले, हे खरे. पण ती दोन पाने त्यात तिने घेतली नाहीत. तिने चिकटविलेला कागद म्हणजे तिचा नकार होता. वडिलांनी पाळलेला शब्द आणि मीप यांनी बंद ठेवलेला खण आठवला म्हणजे वाटते, आपल्यालाही तेवढे जमायला हवे होते.

याविषयी मी इतकी हट्टाने का बोलते, ते सांगायला हवे. माझे वडील बाजार आवारात हमाली करतात. एका वर्षी आडत्याने त्यांना पाडव्याला एक जाहिरातीची डायरी दिली. वडिलांना ती कशाला? त्यांनी मला दिली. मी तेव्हा दहावीत होते. रात्री सारे निजले की चुलीपाशी बसून मी तीत लिही. काय लिही? शेजारच्या घरातली भांडणे, बाईंनी केलेले कौतुक, आईच्या हातांच्या भेगा, एक-दोन न सांगण्याजोग्या गोष्टी. एके दिवशी घरातल्याच एकाच्या हाती ती पडली आणि त्याने ती ओट्यावर बसून चार लोकांत मोठ्याने वाचली. लोक हसले. वाचणाराही वाईट नव्हता. त्याला ती गंमत वाटली. मी ती वही उकिरड्यावर फेकून दिली आणि पुढे तीन वर्षे अभ्यासाखेरीज एक अक्षर लिहिले नाही.

गेल्या वर्षी मी वसतिगृहात राहायला निघाले तेव्हा आईने ट्रंकेतून फडक्यात बांधलेले काहीतरी काढून माझ्या पिशवीत घातले. ती डायरी होती. तिने ती त्याच दिवशी उचलून आणली होती आणि आपल्या लुगड्यांखाली ठेवली होती. आईला अक्षर येत नाही. मी विचारले, "आई, हे कशाला ठेवलंस?" ती म्हणाली, "ह्यात काय हाय त्ये मला कुठं कळतंय? पर तुजं हाय, म्हनून ठिवलं." पुढे मीप गीस यांच्या खणाविषयी वाचले तेव्हा मला आईची ट्रंक आठवली. मीप यांना वाचता येत होते आणि त्यांनी वाचले नाही. माझ्या आईला वाचता येत नव्हते, आणि तरी ते कोणाचे आहे हे तिला कळत होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. अ‍ॅन फ्रँकला तिच्या वहीने दिलेला दिलासा खरा होता, पण तो तिचा होता. तो तिला वाचवू शकला नाही. ती वही वाचून आपल्याला बरे वाटत असेल, तर जरा थांबून विचार करावा. त्या वहीने आपल्याला बरे वाटू द्यावे, असे तिच्यावर काही बंधन नाही. तिचे शेवटचे पान १ ऑगस्ट १९४४ चे आहे. ते पुस्तकाचे शेवटचे पान आहे म्हणून आपल्याला तो शेवट वाटतो. तिच्या लेखी ते मंगळवारचे लिखाण होते आणि पुढे बुधवार येणार होता.

मग ते पुस्तक आपण वाचू नये काय? जरूर वाचावे. वर्गात शिकवावे, स्पर्धेतही त्यावर बोलावे. फक्त एकाच वाक्यावर टाळ्या घेऊन खाली बसू नये. वाचून झाल्यावर आपल्या भोवती बघावे. आपल्या वर्गात, वसतिगृहात, शेजारच्या घरात असा कोणी असेल ज्याला बोलायला जागा नाही. त्याला टेबलाचा कोपरा द्यावा. कोरी वही द्यावी. आणि ती वही कधी आपल्या हाती पडलीच, तर ती न उघडता, जिची तिला परत करावी. प्राध्यापकांनी निबंधाच्या वहीव्यतिरिक्त दुसऱ्या वहीतही विद्यार्थी लिहितात, हे ध्यानी ठेवावे आणि ती तपासायला मागू नये.

मी पुन्हा लिहायला लागले आहे. त्याच डायरीत बरीच पाने कोरी होती. तारखा जुन्या आहेत, त्या खोडून नव्या घालते. यंदाच्या दिवाळीत घरी गेले की ती आईच्या ट्रंकेत ठेवीन म्हणते.